सगळेच युनिक, मग सगळे सारखेच का दिसतात?

मे महिन्यातला पहिला सोमवार उलटला की मंगळवारी सकाळी जवळपास प्रत्येकाचं फीड एकाच गोष्टीने भरलेलं असतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्या, मागे फरफटत येणारे लांबच लांब झगे, ते उचलून धरायला चार-पाच माणसं, आणि २०१९ मध्ये तर केटी पेरी चक्क झुंबर होऊन आली होती, म्हणजे झुंबराचं प्रिंट वगैरे नाही, अंगावर पेटलेलं झुंबरच. मेट गाला म्हणतात तो हा. १९४८ पासून चालू आहे, खरं तर म्युझियमच्या पोशाख विभागासाठी पैसे गोळा करायचा कार्यक्रम, पण ते कोणाच्या लक्षात राहतंय. खाली कमेंट्स दोनच प्रकारच्या. एक, ‘काय हा तमाशा, पैसा जास्त झाला की असं होतं’. दोन, ‘क्वीन! याला म्हणतात सेल्फ-एक्स्प्रेशन!’

गंमत म्हणजे दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून चाललेत, की आत एक खरा माणूस आहे आणि बाहेर कपडे. पहिल्याला वाटतं कपड्यांनी खरा माणूस झाकला, दुसऱ्याला वाटतं कपड्यांनीच तो दाखवला. पण गेल्या शंभरेक वर्षांतले कलाकार, गायक, डिझायनर जरा जवळून बघितले की हा आत-बाहेरचा हिशोब काही जुळत नाही. तो का जुळत नाही ते बघू, म्हणजे सगळे ‘बी युवरसेल्फ’ म्हणत असताना सगळे एकमेकांसारखे का दिसतात तेही कळेल.

ग्लॅमर आणि सुंदर दिसणं, दोन्ही एक नव्हे

सुंदर माणसं भरपूर असतात, ग्लॅमर सगळ्यांना नसतं. ग्लॅमर म्हणजे आपल्याला हवंसं वाटणारं आयुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर दिसणं, आणि त्यासाठी गाळलेला घाम मात्र अजिबात न दिसणं. घाम दिसला की ग्लॅमर संपलं. रिहर्सलचा व्हिडिओ बघून कौतुक वाटेल, आदर वाटेल, पण ती भुरळ पडत नाही.

हा घाम कसा पुसला जायचा ते हॉलिवूडच्या जुन्या फोटोंत फार छान दिसतं. जॉर्ज हरेल नावाचा फोटोग्राफर १९३० मध्ये एमजीएम स्टुडिओत कामाला लागला. मोठा कॅमेरा, मोठी निगेटिव्ह, आणि लाईट असे लावायचा की गालाची हाडं एकदम वर यायची आणि बाकी सगळं अंधारात. जोन क्रॉफर्ड या नटीचे फोटो त्याने पुष्कळ काढले. आता क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर, खांद्यांवर भरपूर तपकिरी ठिपके होते. हरेलला चेहऱ्यावर जाड मेकअप नको असायचा, त्यामुळे निगेटिव्हमध्ये ते ठिपके स्पष्ट यायचे, आणि मग रिटचिंग करणारा माणूस बारीक टोकाची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच एकेक ठिपका बुजवत बसायचा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट आज बघायला मिळतात. आधीचा फोटो बघितला की एक हसरी, उन्हात फिरून आलेली बाई दिसते. नंतरच्यात संगमरवर. (मला विचाराल तर आधीचाच भारी आहे, पण तिकिटं दुसऱ्याने विकली.)

तेव्हा फिल्टर वगैरे आपल्या काळाचं पाप आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. मार्लीन डिट्रिश या दुसऱ्या नटीचा लाईट तर समोरून, बराच वर लावलेला असायचा, त्याने नाकाखाली छोटी सावली पडते आणि गाल आत गेल्यासारखे दिसतात, आणि ती स्वतः त्यात इतकी तयार झाली होती की आरशात बघून लाईट चुकलाय हे कॅमेरावाल्यांना सांगायची. नटी रिटा हेवर्थ मूळची मार्गारिटा कॅन्सिनो. तिच्या कपाळावरची केसांची रेषा मागे न्यायला विजेने केस मुळापासून जाळले, केस रंगवले, नाव बदललं. ‘नॅचरल ब्युटी’ म्हणून जे जगाने बघितलं त्यात किती जणांचे हात होते ते मोजायला गेलात तर थकाल.

चित्रकार अँडी वॉरहॉलने हेच उचललं आणि उघडं करून भिंतीवर टांगलं. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली, आणि त्याने तिचा एक जुना पब्लिसिटी फोटो घेऊन सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, ५० वेळा छापला, २५ चेहरे भडक रंगात आणि २५ काळ्या-पांढऱ्यात. काळ्या-पांढऱ्या बाजूला शाई कुठे जास्त झालीये, कुठे पुसट होत होत चेहरा जवळजवळ गायबच होतो. त्यात मन्रो कुठेच नाही, फक्त तिचा एक फोटो आहे जो आधीच लाखो लोकांनी बघितला होता.

मग ही सरळसरळ फसवणूकच झाली ना?

पहिला आक्षेप हाच येणार. सगळं बनवलेलंच असेल तर त्यात स्वतःचं काय राहिलं?

इथे एक शब्द लागेल, पर्सोना. कलाकार लोकांसमोर जायला जे पात्र तयार करतो, नावासकट, केसांसकट, बोलण्या-चालण्यासकट, ते पर्सोना. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी. मूळ नाव डेव्हिड जोन्स, तेही त्याने बदललं कारण दुसरा एक जोन्स आधीच फेमस होता. तर बरीच वर्षं गाणी करूनही हा माणूस मधल्या मधेच लटकलेला होता, आणि १९७२ मध्ये त्याने झिगी स्टारडस्ट नावाचं परग्रहावरून आल्यासारखं रॉकस्टार पात्र काढलं, लालभडक केस, चकचकीत अंगाला चिकटलेले कपडे. ६ जुलै १९७२ ला बीबीसीच्या कार्यक्रमात तो या वेषात आला, आणि गाता गाता गिटारवाल्या मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. आज वाचून वाटेल, बरं मग? पण त्या काळी टीव्हीवर, घरच्यांसोबत बसून बघताना, एका मेकअप केलेल्या पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला असं जवळ घेणं ही फार मोठी गोष्ट होती. पुढे गायक झालेल्या कितीतरी जणांनी सांगितलंय की त्या संध्याकाळी टीव्हीसमोर आपल्याला पहिल्यांदा वाटलं, की माझ्यासारखंही कोणीतरी आहे.

म्हणजे बघा, पात्र शंभर टक्के खोटं, आणि त्याने जे बोलून दाखवलं ते डेव्हिड जोन्सला साध्या शर्ट-पँटमध्ये बोलता आलं नव्हतं. आणि पात्र त्याच्या एकट्याचं तरी कुठे होतं? कपडे फ्रेडी बुरेटीचे आणि नंतर जपानी डिझायनर कान्साई यामामोटोचे, केस सुझी फसी नावाच्या हेअरड्रेसरने कापले, अंगाने बोलायची कला लिंडसे केम्प या माइम, म्हणजे मूकाभिनय करणाऱ्या कलाकाराकडून आलेली. १९७३ च्या अल्बमवर त्याच्या चेहऱ्यावर जी लाल-निळी वीज आहे, जी आज टी-शर्टपासून टॅटूपर्यंत सगळीकडे दिसते, ती स्टुडिओत पडलेल्या भात शिजवायच्या कुकरवरच्या खुणेवरून काढली असं सांगतात. इतकं ‘पर्सनल’ चिन्ह, आणि मूळ कंपनीच्या लोगोत.

सिंडी शर्मन या फोटोग्राफर बाईने तर हा मुद्दा पार टोकाला नेला. १९७७ ते १९८० या काळात तिने स्वतःचेच सत्तरेक ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढले. विग, मेकअप, कपडे, सगळं तीच ठरवायची, कॅमेराही बहुतेक वेळा तिचाच. प्रत्येक फोटो एखाद्या जुन्या सिनेमातला वाटतो आणि असा सिनेमाच नाही. एकात ऑफिसला निघालेली मुलगी, एकात रडवेली गृहिणी, एकात रस्त्यावर बॅग घेऊन कोणाची तरी वाट बघणारी. सत्तर फोटो बघून झाल्यावर शर्मन कोण आहे म्हणाल तर काही सांगता येत नाही. तरी हे फोटो दुसऱ्या कोणी काढले असते असं एका क्षणासाठीही वाटत नाही, आणि मला तरी व्यक्तित्व यापेक्षा वेगळं कुठे सापडतं असं वाटत नाही, ते चेहऱ्यात कमी असतं आणि काय निवडलं, कसं निवडलं यात जास्त.

पण सगळंच उसनं असेल तर ओरिजिनल काय उरलं?

मुळाक्षरं सगळ्यांना तीच मिळतात, हस्ताक्षर ज्याचं त्याचं होतं. कपडे, आवाज, पोझ यांचंही तसंच. नवीन अक्षर शोधून काढणारा विरळा, आणि काढलं तरी ते कोणाला वाचता येणार नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे मांसाचा ड्रेस. सप्टेंबर २०१० मध्ये लेडी गागा एमटीव्हीच्या अवॉर्ड्सना कच्च्या मांसाचा ड्रेस घालून आली, डोक्यावर तुकडा, पायात मांसात गुंडाळलेले बूट. लोक अक्षरशः वेडे झाले, प्राणीप्रेमी चिडले, बाकीच्यांनी ‘असं कोणी कधी केलं नव्हतं’ म्हणून टाकलं. केलं होतं की. याना स्टर्बाक या कॅनडातल्या कलाकार बाईने १९८७ मध्येच कच्च्या मांसाचे तुकडे शिवून ड्रेस केला होता, आणि १९९१ मध्ये कॅनडाच्या नॅशनल गॅलरीत तो लागला तेव्हा अन्नाची नासाडी म्हणून मोठा वाद झाला होता.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. स्टर्बाकचा ड्रेस हँगरवर लटकलेला, मीठ लावलेला, आणि प्रदर्शन चालू असताना आठवड्यामागून आठवडे तो सुकत जातो, काळपट होतो, आक्रसतो, चामड्यासारखा होतो. बघणाऱ्याला आपलंच शरीर आठवतं, म्हातारपण आठवतं. गॅलरीत शांतता असते, घालणारं कोणी नसतं. गागाचा ड्रेस एका रात्रीचा, जिवंत बाईच्या अंगावर, कॅमेऱ्यांच्या फ्लॅशमध्ये. फ्रँक फर्नांडिसने बनवलेला, स्टायलिस्ट निकोला फॉर्मिकेटी, म्हणजे कोणी काय घालायचं ते ठरवणारा माणूस. त्या रात्री तिच्यासोबत समलिंगी असल्यामुळे अमेरिकन सैन्यातून काढलेले माजी सैनिक होते, आणि तिने नंतर सांगितलं की आपल्या हक्कांसाठी उभं राहिलो नाही तर आपली किंमत हाडावरच्या मांसाइतकीच उरेल. समलिंगींना सैन्यात उघडपणे राहू न देणारा तो नियम पुढे २०११ मध्ये गेला, ड्रेसमुळे गेला असं म्हणणं बालिशपणा होईल, पण ड्रेस त्या भांडणातला होता हे खरं. मटेरियल तेच, म्हणणं पार वेगळं. माझ्या मते दोघीही ओरिजिनल. फक्त पहिलीचं नाव दुसरीच्या बातमीत यायला हवं होतं, आणि बहुतेक बातम्यांत आलं नाही.

हे सगळे चोचले पैसेवाल्यांचे, आपलं काय?

उलट आहे. आज जे ग्लॅमर म्हणून विकलं जातं त्यातलं कितीतरी अशा लोकांनी घडवलं ज्यांच्या खिशात दमडी नव्हती.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी आणि ट्रान्स लोकांचे ‘बॉल’ व्हायचे, म्हणजे वेषभूषा, चालणं, नाच यांच्या स्पर्धा. ड्रॅग, म्हणजे बायकांच्या वेषात नटून येणाऱ्या पुरुषांच्या स्पर्धांमध्ये गोऱ्या स्पर्धकांनाच झुकतं माप मिळतं म्हणून क्रिस्टल लाबेजा १९६७ मध्ये एका स्पर्धेत जाहीर भडकली, आणि काही वर्षांत तिच्या नावाचं ‘हाऊस’ सुरू झालं. हाऊस म्हणजे एक टीम आणि एक कुटुंब दोन्ही, घरातून हाकललेल्या पोरांना तिथे ‘मदर’ असायची. पुढे नावंही कशी घेतली तर थेट मोठ्या फॅशन कंपन्यांची, सेंट लॉरां, बॅलेन्सियागा. ज्या दुकानात यांना आत घेतलं नसतं त्या दुकानाचं नाव आडनाव म्हणून लावायचं, काय डेअरिंग आहे! स्पर्धेचा एक प्रकार ‘रिअलनेस’, त्यात ऑफिसातला मोठा साहेब, सैनिक, कॉलेजकुमार असं हुबेहूब दिसायचं. वरवर बघितलं तर नक्कल. पण ज्याला ती नोकरी कोणी देणारच नाही त्याने तो सूट घालून, सगळ्यांसमोर चालून, दहापैकी दहा मार्क घेणं, याला नुसती नक्कल म्हणायला जीभ धजत नाही.

मासिकातल्या मॉडेलच्या पोझेस एकामागून एक जोडून केलेला नाच तिथलाच, व्होगिंग. १९९० मध्ये मॅडोनाने तो जगभर नेला, तो बसवणारे होझे गुटिएरेझ आणि लुईस कमाचो हे एक्स्ट्राव्हगांझा हाऊसचेच होते, म्हणजे किमान घरच्याच लोकांना काम मिळालं. तरी जगाने तो मॅडोनाचा नाच म्हणूनच लक्षात ठेवला.

लंडनचा ली बॉवरी हा आणखी वेगळा नमुना. १९८५ मध्ये त्याचा ‘टॅबू’ क्लब सुरू झाला, तिथे दारावरचा माणूस आलेल्यासमोर आरसा धरून विचारायचा, तूच सांग, तू स्वतःला आत घेतलं असतंस का? बॉवरी स्वतः धिप्पाड, चेहऱ्यावर रंगाचे ओघळ, शरीराचा आकारच बदलून टाकणारे कपडे, सुंदर दिसणं हा हेतूच नाही. १९८८ मध्ये तो एका आर्ट गॅलरीत रोज काही तास काचेमागे नटूनथटून पडून राहायचा. काच एकतर्फी, त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसायचं आणि बाहेरच्यांना तो. पुढे चित्रकार लुसियन फ्रॉइडने त्याची चित्रं काढली, तर पूर्ण नागडा, ना रंग ना कपडे. आणि बघणाऱ्यांना धक्का कशाचा बसला, तर त्या चित्रांतही तो तितकाच भव्य दिसतो.

बरं, मग सगळे सारखेच का दिसतात?

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०४ मध्येच याचं उत्तर लिहून ठेवलंय. माणसाला एकाच वेळी चारचौघांसारखं असायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं, फॅशन दोन्ही भुका एकदम भागवते. म्हणून ती कधी स्थिर राहत नाही, वेगळं दिसणारी गोष्ट सगळ्यांनी घेतली की ती वेगळी राहतच नाही, पुढची शोधा.

सेफ्टी पिनचं बघा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या नादातल्या पोरांनी फाटक्या कपड्यांना पिना लावल्या, डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडच्या किंग्ज रोडवरच्या दुकानाचा त्यात मोठा हात. १९७७ मध्येच डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने नटवलेल्या पिनांचं महागडं कलेक्शन काढलं, आणि १९९४ मध्ये नटी एलिझाबेथ हर्लीच्या अंगावर व्हर्साचे कंपनीचा तो काळा ड्रेस आला, सोनेरी पिनांनी जोडलेला. बंडाचं चिन्ह वीस वर्षांच्या आत रेड कार्पेटवर.

आता हेच चक्र आठवड्यांत फिरतं, कारण ॲप तुम्हाला तेच दाखवतं जे आधीच लोकांनी थांबून बघितलंय. करणाराही तेच करतो जे दाखवलं जाईल. तीच मान तिरकी, तेच ओठ, त्याच गाण्याचे तेच पंधरा सेकंद. यात कोणी मूर्ख नाहीये. ज्याला दिसायचंय तो जिथे लाईट आहे तिथेच उभा राहणार. फरक एवढाच की हरेलच्या काळात लाईट कुठे लावायचा हे एक माणूस ठरवायचा आणि त्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

‘मी तर साधाच राहतो, मला हे लागूच नाही’

हे म्हणणारेही भरपूर. पण साधेपणालाही ग्लॅमर चढतं. १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने ग्रंज या रॉक प्रकारातल्या बँडवाल्यांचे चुरगळलेले चेक्सचे शर्ट महाग रेशमात बनवून रॅम्पवर आणले, कंपनीने त्याला काढून टाकलं, आणि आज तेच कलेक्शन ऐतिहासिक म्हणून दाखवतात. ग्रंज गायिका कर्टनी लव्हने नंतर सांगितलं की तिला आणि तिचा नवरा, गायक कर्ट कोबेनला त्यातले कपडे पाठवले होते, ते त्यांनी जाळून टाकले.

मार्टिन मार्जेला हा डिझायनर तोंडच दाखवायचा नाही, डाफ्ट पंक ही संगीतकारांची जोडी हेल्मेटमध्ये, गायिका सिया विगमध्ये, आणि गायिका बिली आयलिश ढगळ कपड्यांत, कारण माझं शरीर कसं आहे यावर कोणी बोलूच नये असं तिने स्वतः सांगितलंय. या सगळ्यांची लपायची पद्धतच त्यांची ओळख झाली. आयलिशने २०२१ मध्ये एका मासिकाच्या कव्हरवर कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारा घट्ट कपडा, घातला तर त्याचीच बातमी झाली. लपणं हीसुद्धा निवडच असते, आणि लोक ती वाचतात, तुम्हाला आवडो वा न आवडो.

स्टाइलवर मालकी कोणाची?

इथून पुढे प्रकरण किचकट होतं. अमेरिकेत कपड्याच्या कटला कॉपीराइट मिळत नाही, कारण कपडा ही वापरायची वस्तू मानली जाते. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यावरची सजावट वेगळी काढून बघता येत असेल तर तेवढ्याला संरक्षण मिळू शकतं. युरोपात नोंदणी न केलेल्या डिझाइनला तीन वर्षं, नोंदवलेल्याला २५ वर्षांपर्यंत. जिथे कटला कॉपीराइट नाही तिथे नक्कल दुकानात इतक्या लवकर येते.

आवाजाचं वेगळं. गायिका बेट मिडलरने फोर्डच्या जाहिरातीत गायला नकार दिला, तर एजन्सीने तिच्याच जुन्या कोरस गायिकेला अगदी तिच्यासारखं गायला लावलं. १९८८ मध्ये कोर्टाने म्हटलं, प्रसिद्ध गायिकेचा ओळखीचा आवाज मुद्दाम नक्कल करून माल विकता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये एआयने नक्कल केलेल्या, ड्रेक आणि द वीकेंड या गायकांच्या आवाजातलं गाणं लाखोंनी ऐकलं आणि मग ते उतरवलं गेलं, आणि जुलै २०२४ पासून अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आवाजालाही कायद्याने संरक्षण आलं.

ढंगाला मात्र कॉपीराइट नाही. अमक्याच्या ढंगात चित्र काढून दे, तमक्यासारखी चाल दे, हे मशीनला रोज सांगितलं जातंय, आणि पुष्कळ कलाकारांना यावर बंदी हवीये. राग समजतो. पण ढंगावर मालकी देणारा कायदा उद्या आलाच तर व्होगिंग हार्लेमच्या पोरांच्या नावावर लागेल, की ज्याच्याकडे आधीपासून वकिलांची फौज आहे त्याच्या, याचा अंदाज लावायला फार डोकं लागत नाही.